प्रकरण अभ्यास : खालच्या ट्रेमधलं ओलं पाऊच

सोलापूरच्या पूर्व भागातला दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना. एक कायमचे डॉक्टर, आठवड्यातून एकदा येणारे सर्जन आणि दोन असिस्टंट. सकाळी १० ते २ या वेळात आठेक पेशंट, संध्याकाळी ५ ते साडेनऊमध्ये चौदाएक. हा दवाखाना कुठल्या एका पाटीखाली सापडणार नाही. छोट्या दवाखान्यांत नेहमी जे हुकतं ते एका छताखाली मांडून हे प्रकरण रचलं आहे. त्यातली मापं, वेळा आणि ऑटोक्लेव्हचं (वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) वागणं मात्र जसं असतं तसंच ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी काय झालं

पेशंट सत्तावीस वर्षांचा यंत्रमाग कामगार होता. खालची डावी अक्कलदाढ आडवी अडकलेली. दोन वेळा सूज येऊन गेली होती, गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बसायचं. कामाचा खाडा करून, बिडी वळणाऱ्या आईला सोबत घेऊन तो आला होता. सर्जननी खालच्या जबड्याचा ब्लॉक, म्हणजे भुलीचं इंजेक्शन दिलं (२ टक्के लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनलिन १:८०,०००). पाच-सात मिनिटांत ओठ जड झाला. असिस्टंटने ट्रॉलीवर निर्जंतुक कापड पसरलं आणि सर्जरीचं पाऊच (एक बाजू कागदाची, दुसरी प्लास्टिकची अशी हत्यारांची सीलबंद पिशवी) सोलायला घेतलं.

पाऊचच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं. कागदाची बाजू बोटाला मऊ लागली. बाहेर छापलेली खूण रंग बदललेली, म्हणजे दिसायला सगळं ठीक. पण आत हत्यारांसोबत ठेवलेल्या पाचव्या वर्गाच्या पट्टीवर (फेरी पुरेशी झाली का, हे दाखवणारी रासायनिक पट्टी) काळा पट्टा 'पास'च्या खिडकीपर्यंत पोचलेलाच नव्हता.

"सर, हा सेट चालणार नाही," ती म्हणाली.

"बाहेरची खूण तर बदललीय."

"आतली नाही बदलली. आणि पाऊच ओलं आहे."

सर्जरीचा दुसरा सेट नव्हता. साध्या एक्स्ट्रॅक्शनचे संच कोरडे होते, पण त्यात हिरडी सोडवायचा पेरिऑस्टिअल एलिव्हेटर, ती बाजूला धरायचा ऑस्टिन रिट्रॅक्टर, टाक्याचा नीडल होल्डर यातलं काहीच नव्हतं. आडव्या अक्कलदाढेला हाड थोडं कमी करून दात तोडून काढावा लागतो. त्याला १५ नंबरचं ब्लेड, सरळ हँडपीस, हाड आणि दात कापायचा ७०२ चा बर, ०.९ टक्के सलाइन आणि ३-० सिल्कचा टाका लागतो. नुसत्या फोर्सेप्सनं (दात धरायच्या पकडीनं) ते होत नाही.

यंत्रात उघडीच हत्यारं घालून झटपट फेरी घ्यायची, हा विचार खोलीत आला आणि पाच मिनिटं रेंगाळला. भूल चढलेली आहे, दाताची बधिरता तास-दीड तास टिकते, तेवढ्यात वीस मिनिटं वाफेत धरायची फेरी बसते. हिशोब चुकीचा नव्हता, पण ज्या यंत्राने आत्ताच एक पट्टी नापास केली त्याच यंत्रावर पुन्हा विसंबायचं होतं, आणि त्यातही हाड उघडं पडणाऱ्या कामासाठी. सर्जननी काम थांबवलं.

पेशंटला काय सांगायचं हा प्रश्न अशा वेळी असिस्टंटकडेच येतो. 'मशीन बिघडलं' म्हणणं सोपं असतं. तिने आईला तेलुगूतून सरळ सांगितलं : हत्यारं शंभर टक्के शुद्ध झाल्याची खात्री नाही, म्हणून आज काम केलं नाही. आईने विचारलं, "अक्का, सुई दिली ती तरी नवी होती ना?" सिरिंज आणि सुई दोन्ही सीलबंद, एकदाच वापरायच्या होत्या. रिकामं पाकीट तिने दाखवलं. मग भुलीच्या सूचना दिल्या : ओठ आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहतील, तोवर खायचं नाही, चहा गरम प्यायचा नाही, गाल चावायचा नाही, आणि मावा तोंडात धरायचा नाही. बधिर गालात तंबाखू चुना धरला की भाजलेलं कळत नाही. पुढची तारीख दिली, खाड्याच्या दिवसाचं बिल घेतलं नाही.

इथे एक चूक मान्य करायला हवी : सेट उघडून पाहण्याआधी भूल दिली गेली. पाऊच आधी सोललं असतं तर पेशंट नुसता घरी गेला असता, बधिर जबडा घेऊन नाही.

वहीतला हिशोब

दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्हची वही उघडली. वही नीट होती, फार नीट. प्रत्येक फेरीपुढे '१२१ अंश, १५ पौंड, ३० मि.', एकाच पेनाने, एकाच तिरकसपणात. आदल्या संध्याकाळच्या सहा फेऱ्या लिहिलेल्या होत्या.

पाऊचमधल्या हत्यारांची पूर्ण फेरी किती वेळाची? यंत्र तापायला १५ मिनिटं, १२१ अंशांवर धरायला ३०, वाफ सोडायला ५, सुकायला ३०. एकूण ८० मिनिटं. सहा फेऱ्यांना ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास लागतात. संध्याकाळचं सत्र साडेचार तासांचं, २७० मिनिटांचं. त्यात पुऱ्या फेऱ्या फक्त तीन बसतात. सहा बसवायच्या तर प्रत्येकीला ४५ मिनिटं मिळतात : १५ तापायला, २० धरायला, ५ वाफ सोडायला आणि उरलेली ५ मिनिटं दार किलकिलं करून. वीस मिनिटं हा आकडा उघड्या हत्यारांचा आहे, पाऊचमधल्यांचा नाही. आणि पाच मिनिटांत कागद सुकत नाही.

वही भरणाऱ्या मुलीला दोष देऊन हे प्रकरण तिथेच मिटवता आलं असतं. पण तिच्यापुढचं गणित पाहा. तपासणीचे संच (आरसा, प्रोब, चिमटा) होते दहा. संध्याकाळचे पेशंट चौदा. एअरोटर (दात कोरायचा, हवेवर फिरणारा हँडपीस) तीन, आणि एअरोटर लागणारे पेशंट सात-आठ. सत्राच्या मध्यावर खुर्ची रिकामी करून आतून हाक येते, "ताई, सेट लावा." संच नाही म्हणायची सोय नाही, मग फेरी कापली जाते, आणि वहीत मात्र जे असायला हवं तेच लिहिलं जातं. अशा दवाखान्यांत एअरोटरला तर बऱ्याचदा फेरीच मिळत नाही, दोन पेशंटच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जातो. स्पिरिट बाहेरचा पत्रा पुसतं. आतल्या टर्बाइनमध्ये आणि पाण्याच्या नळीत ओढली गेलेली लाळ, रक्त तिथेच राहतं.

ओलं पाऊच म्हणजे नुसता गबाळेपणा नव्हे. कागद कोरडा असताना जंतू अडवतो. ओला झाला की त्याच कागदातून पाणी आरपार झिरपतं आणि सोबत हाताचे, ट्रेचे, ओट्याचे जंतू आत नेतं. यंत्राने काम चोख केलं असलं तरी ओलं पाऊच निर्जंतुक धरत नाहीत.

पट्टी नापास का झाली

कापलेली वेळ हे एक कारण हाती आलं होतं. पण पट्टी फक्त वेळेनेच नापास झाली, असं गृहीत धरणं धोक्याचं. म्हणून वेळ पूर्ण ठेवून तपासलं.

पहिली फेरी रिकाम्या चेंबरची, वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर एकेक पाऊच, आत पट्टी, ३० मिनिटं. तिन्ही पास. दुसरी फेरी रोजच्यासारखी भरून : २४ पाऊच, आडवी, एकावर एक. वरची पास, मधली पास, खालची नापास.

यातून यंत्राचं दुखणं कळतं. हे व्हॅक्यूम पंप नसलेलं यंत्र आहे, एन-क्लासचं. यात वाफ वरून भरत जाते आणि जड हवा खाली ढकलली जाऊन तळाकडच्या वाटेने बाहेर पडते. हवा पूर्ण गेली तर १५ पौंड दाबाला १२१ अंश मिळतात. निम्मीच गेली तर त्याच १५ पौंडांना ११२ अंशांच्या आसपास, आणि मुळीच गेली नाही तर जेमतेम १००. दाबाचा काटा तिन्ही वेळी १५ च दाखवतो. काट्याकडे पाहून वहीत '१२१' लिहिणाऱ्याला फसवणूक कळायचं कारणच नाही.

हवा का अडकली? चेंबरच्या तळाशी मागच्या बाजूला बारीक जाळी असते. ती काढली तर पांढऱ्या खड्यांनी निम्मी बुजलेली, वर काळपट तेलाचा थर. खडे पाण्याचे, तेल हँडपीसचं.

सोलापुरात पाण्याचं गणित वेगळं आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उजनी धरणाचं असलं तरी टाकीत साठतं, आणि मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. बोअरचं पाणी जड. ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कॅन संपला आणि संध्याकाळ तोंडावर आली की प्यायच्या जारचं आरओ पाणी ओतलं जातं. आरओ म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर डिस्टिल्डचा आकडा शून्याजवळ असतो, जारच्या पाण्याचा कित्येक दहांमध्ये जातो. ते पाणी रोज उकळलं की क्षार मागे राहतात : हीटरवर, व्हॉल्व्हवर, जाळीवर. शिवाय या यंत्रात वाफेचं पाणी परत टाकीत येतं, त्यामुळे तेल लावलेले एअरोटर न पुसता घातले की तेही तिथेच फिरत राहतं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पुसायची असते. इथे ती कोणी केव्हा उघडली, हे कोणालाच आठवेना.

जाळी साफ केली, टाकी धुतली, दाराचं कडक झालेलं रबरी गॅस्केट बदललं. (गॅस्केट बदलायला आलं की दाराच्या कडेला वाफेची शीळ ऐकू येते. ती ऐकायची सवय असिस्टंटला हवी.) पुन्हा तेच २४ पाऊच, तशीच आडवी. खालची पट्टी पास झाली, पण मधली पाऊच अजून ओली. मग पाऊच आडवी न रचता तारेच्या स्टँडमध्ये उभी केली, कागदाची बाजू शेजारच्या प्लास्टिकच्या बाजूकडे, मध्ये बोटभर फट. अशी बाराच बसली. ३० मिनिटं सुकवल्यावर बाराही कोरडी निघाली.

म्हणजे एका फेरीत २४ नव्हे, १२. संच कमी असल्याची अडचण यामुळे दुप्पट झाली, आणि म्हणूनच पुढचे बदल यंत्रापेक्षा कपाटात करावे लागले.

वीज जाण्याचाही मुद्दा होता. फेरीच्या मधे वीज गेली आणि आली, तर उरलेली मिनिटं मोजून चालत नाही. ३० मिनिटं पहिल्यापासून. वहीत एकाही फेरीपुढे 'वीज गेली' असं लिहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यातल्या सोलापुरात हे शक्य आहे का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आधी वापरलेल्या हत्यारांचं काय

रासायनिक पट्टी तापमान, वेळ आणि वाफ पुरेशी होती का एवढंच सांगते. जंतू मेले का, हे सांगते ती स्पोअरची चाचणी. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू फेरीतून काढून ५५ ते ६० अंशांवर एक-दोन दिवस वाढवून पाहतात, सोबत तुलनेसाठी फेरीत न घातलेली एक जोड ठेवतात. जोडीत वाढ व्हायला हवी आणि फेरीतल्यात होता कामा नये. ही चाचणी आठवड्याला एकदा करावी असा बऱ्याच ठिकाणचा संकेत आहे. नापास झाली तर मागच्या पास चाचणीपर्यंतची सगळी पाऊच परत घ्यायची. इथे मागची पास चाचणीच नव्हती. त्यामुळे कपाटातली एकूण एक पाऊच उघडली, हत्यारं पुन्हा धुऊन पुन्हा फेरीत घातली. सीलबंद आहेत म्हणून एकही वगळलं नाही. गेल्या काही आठवड्यांत टाके घातलेल्या पेशंटना फोन करून जखमेची चौकशी केली, आणि फोन का करतोय तेही सांगितलं.

फोन असिस्टंटने नाही, डॉक्टरांनी केले. हा भेद लहान वाटतो, पण चुकीची कबुली पगारी माणसाच्या तोंडून देवविणं बरं दिसत नाही.

ओटा, ब्रश आणि हातमोजे

तपासात दुसऱ्या एका गोष्टीनेही तोंड वर काढलं. घाण हत्यारं आणि धुतलेली हत्यारं एकाच ओट्यावर, एकाच टॉवेलवर येत होती. निर्जंतुक करणं धुण्यापासूनच सुरू होतं. रक्त वाळून बसलं की त्याखाली वाफ पोचत नाही.

आता वाट एकाच दिशेची आहे : डावीकडे घाण, उजवीकडे स्वच्छ. खुर्चीपाशीच ओला गॉज ठेवून सिमेंट आणि रक्त लगेच पुसायचं. मग झाकणाच्या डब्यातून एंझाइमच्या पाण्यात. मग अल्ट्रासॉनिकच्या जाळीत, तळाला न टेकवता, फोर्सेप्सचे जबडे उघडून, कंपनीने दिलेल्या वेळेइतकं. हे पाणी रोज बदलायचं, गढूळ दिसलं तर त्याआधी. यंत्र चालतंय का हे पाहायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी थोडा वेळ बुडवून ठेवायची. तिला सगळीकडे सारखे बारीक खड्डे पडले तर ठीक, एका कोपऱ्यात कोरी राहिली तर तिथे धुणं होत नाही. नंतर धुऊन, पुसून, उजेडात दाताच्या कडा आणि बिजागरी बघून पाऊचमध्ये.

ब्रश लागला तर लांब दांड्याचा, आणि पाण्याखाली घासायचं, वर नाही. हातात जाड रबरी हातमोजे, तपासणीचे पातळ नव्हेत. डोळ्यांवर चष्मा. सुईची टोचणी या कामात नुसती खुर्चीवर होत नाही, सिंकवरही होते. टोपण परत लावायचंच तर एका हाताने, ट्रेवर ठेवलेल्या टोपणात सुई सरकवून. लिग्नोकेनच्या ३० मिलिच्या बाटलीच्या बुचात एक सुई खोचून ठेवायची आणि तिच्यातूनच दिवसभर सिरिंज भरायच्या, ही सवय अनेक ठिकाणी दिसते. ती आधी मोडा.

आणि टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लपवू तर नकाच. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, २८ दिवसांची. सोलापुरात त्यासाठी सिव्हिल गाठावं. हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घेतलेली असली पाहिजे : ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी १० (mIU/ml) च्या वर आहे का, ही तपासणी. दोन्ही असिस्टंटपैकी एकीचे डोस दोनच झाले होते. तिसरा 'राहून गेला' होता.

बदल

सगळ्यात मोठा बदल सगळ्यात साधा : तपासणीचे संच दहाचे चोवीस केले, सर्जरीचे एकाचे दोन, एअरोटर तीनाचे आठ. आरसा-प्रोब-चिमटा हा दवाखान्यातला सगळ्यात स्वस्त संच. आता संध्याकाळच्या चौदा पेशंटसाठी चौदा संच पाच वाजताच कपाटात असतात, आणि सत्राच्या मधोमध फेरी चालवावीच लागत नाही. दुपारी दोन ते पाचमध्ये दोन पुऱ्या फेऱ्या बसतात, रात्री पेशंट संपल्यावर उरलेल्या. रात्रीची शेवटची फेरी बंद यंत्रातच सकाळपर्यंत सुकत ठेवण्याचा मोह आवरायचा. थंड होताना आतलं दव पुन्हा पाऊचवर बसतं.

वही बदलली. आता प्रत्येक फेरीला सुरू-बंदची घड्याळातली वेळ, खालच्या ट्रेची पट्टी चिकटवलेली, आणि प्रत्येक पाऊचच्या प्लास्टिकच्या बाजूवर मऊ टोकाच्या मार्करने तारीख व फेरीचा क्रमांक. कागदावर नाही, कारण पेनची शाई कागदातून आत झिरपू शकते. तो क्रमांक पेशंटच्या केसपेपरवर उतरतो. उद्या काही निघालं तर कोणाला फोन करायचा, हे पाच मिनिटांत कळेल.

पोकळ हत्यारांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. एअरोटरच्या आतल्या नळीतली हवा काढायला व्हॅक्यूमचं बी-क्लास यंत्र लागतं. ते घेतलेलं नाही, घ्यायचं ठरलं आहे. तोवर एअरोटर धुऊन, तेल घालून, जादा तेल उडवून, पाऊचमध्ये वेगळ्या फेरीत जातात. स्पिरिटच्या बोळ्यापेक्षा हे खूप बरं, पण पुरेसं आहे असं कोणी म्हणू नये.

हे काम नेमकं कोणाचं

ब्रिटनमध्ये या कामाला डेंटल नर्स म्हणतात आणि त्यांना जनरल डेंटल कौन्सिलमध्ये नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने तीन नोंदी ओळखल्या : दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारी उभी राहणारी असिस्टंट त्यात नव्हती. बहुतेक दवाखान्यांत ती बारावीनंतर येते, पाहून पाहून शिकते, पगारपत्रकावर 'मदतनीस' असते. तिने सक्शन धरावं, उजव्या हाताने काम करणाऱ्या डॉक्टरांच्या समोर घड्याळातल्या दोन ते चारच्या जागी बसावं, हत्यार चार ते सातच्या मधल्या पट्ट्यातून, पेशंटच्या चेहऱ्यावरून नव्हे तर हनुवटीखालून द्यावं, एवढं तिला शिकवतात. 'थांबा' म्हणायचा हक्क तिला आहे की नाही, हे कोणी सांगत नाही.

या दवाखान्यात आता सर्जरीच्या आधीचा क्रम भिंतीवर लावला आहे : पाऊच कोरडं, पट्टी पास, सेट पूर्ण, मग सुई. पहिल्या तिन्हींवर असिस्टंटची सही, आणि सहीशिवाय सर्जन सिरिंज उचलत नाहीत.

दहा दिवसांनी तो तरुण पुन्हा आला, आईसोबतच. या वेळी पट्टी आधी दाखवली. आईला त्यातलं काही कळलं नसावं, पण तिने ती उजेडात धरून पाहिली. काम चाळीस मिनिटांत उरकलं, टाके सातव्या दिवशी निघाले. त्याच्या केसपेपरवर फेरीचा क्रमांक आहे.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत मोठी असिस्टंट चार दिवस रजेवर जाणार आहे. तिच्या जागी येणाऱ्या मुलीला सक्शन धरायला नंतर शिकवायचं ठरलंय. आधी पाऊच उभी कशी लावायची, जाळी कुठे असते आणि डिस्टिल्डचा कॅन संपला तर फेरी न लावता फोन कोणाला करायचा.